मुलाचा हात मोडलाय? पहिल्या रात्रीपासून प्लास्टर निघेपर्यंत काय करायचं

घसरगुंडी, झोका, सोसायटीचा कठडा, नाहीतर घरातलाच पलंग. लहान मुलांचे हात बहुतेक अशाच ठिकाणी मोडतात, पडताना हात पुढे टेकला जातो म्हणून. मनगटाच्या जरा मागे किंवा कोपराच्या जरा वर, या दोन जागा नेहमीच्या. डॉक्टर हाड बसवतात, प्लास्टर घालतात, पुढची तारीख देतात आणि रडून थकलेलं मूल कडेवर घेऊन आपण घरी येतो. मग प्रश्न सुरू होतात. आज झोपवायचं कसं? शर्ट काढायचा कसा? बोटं सुजल्यासारखी दिसतायत, ते चालतं का?

माझी मुलगी पहिलीत असताना तिचा हात मोडला. तेव्हा डॉक्टरांना विचारून विचारून जे कळलं आणि पुढे ओळखीच्या आईबाबांना फोनवर सांगत आले, ते इथे क्रमाने लिहिते आहे. हाडाची काळजी करायला डॉक्टर आहेत, आणि लहान मुलांची हाडं मोठ्यांपेक्षा खूप लवकर जुळतात. आपण बोटांवर लक्ष ठेवायचं, प्लास्टर कोरडं ठेवायचं आणि पुढे काय होणार आहे ते मुलाला आधी खरंखरं सांगायचं. हे शेवटचं काम बहुतेक घरांत राहून जातं, आणि मुलाला ते आठवडे जड जातात ते त्यामुळेच, असं माझं ठाम मत आहे.

दवाखान्यातून निघण्याआधी

दुखऱ्या हातातल्या बांगड्या, अंगठी, मनगटाचा काळा दोरा सूज चढायच्या आत काढा. दोरा नजर लागू नये म्हणून बांधला असेल तर दुसऱ्या हातात बांधा, पण या हातात नको. नेलपॉलिश असेल तर पुसून टाका, कारण पुढचे काही दिवस आपल्याला नखांचा रंग बघायचा आहे.

प्लास्टर कच्चं आहे की पक्कं, ते विचारून घ्या. सुरुवातीला बरेचदा कच्चं घालतात. त्याला स्लॅब म्हणतात. हाताच्या एका बाजूला प्लास्टरची पट्टी आणि वरून बँडेज, म्हणजे सूज चढली तरी आत जागा राहते. सूज उतरली की पक्कं घालतात. साधारण आठवड्याने पुन्हा एक्स-रे काढायला बोलावतात, ती तारीख काही झालं तरी चुकवू नका. मूल हसतंखेळतं असलं तरी आतलं हाड या दिवसांत सरकू शकतं. ते वेळीच कळलं तर पुन्हा बसवता येतं. लहान मुलांचं हाड भराभर जुळत असल्यामुळे उशीर झाला तर तेच काम अवघड होऊन बसतं.

किती दिवस, हे ज्याच्या त्याच्या हाडावर आहे. मनगटाजवळ हाड नुसतं दबलं असेल तर साधारण ३ आठवडे. कोपराखालची दोन्ही हाडं मोडली असतील तर ६ आठवड्यांच्या आसपास. कोपराच्या वरचं हाड सरकून तारा घालाव्या लागल्या असतील तर त्या बहुधा ३ ते ४ आठवड्यांनी काढतात.

औषधाचं मात्र नीट समजून घ्या. पॅरासिटामॉलचं सिरप वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं. एकाच्या ५ मिलिलीटरमध्ये १२५ मिलिग्रॅम, दुसऱ्याच्या तेवढ्यातच २५०. लहान बाळांचे थेंब त्याहून कितीतरी तीव्र असतात. घरात आधीची बाटली पडलेली असते आणि घाईत तीच उघडली जाते. डॉक्टरांना मुलाचं आजचं वजन सांगा, लिहून दिलेलं नाव आणि ताकद बाटलीवर ताडून बघा आणि मापाच्या टोपणानेच द्या, चहाच्या चमच्याने नको. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्या देशात २०११ पासून बंद आहे, त्यामुळे कुणी घरातली गोळी अर्धी करून द्यायला निघालं तर थांबवा.

पहिले दोन-तीन दिवस: बोटं बघत राहा

हात उंच ठेवणं हे या दिवसांतलं सगळ्यात मोठं औषध आहे. मूल पलंगावर टेकून बसलं की हाताखाली दोन-तीन उशा रचा. बोटं कोपराहून वर आणि अख्खा हात छातीहून वर राहिला पाहिजे. गळ्यातल्या झोळीत हात लोंबत असेल तर बोटं खाली जातात आणि सुजतात. झोळीत मनगट कोपरापेक्षा जरा वरच हवं. घरच्या ओढणीची झोळी केली तरी चालते, पण गाठ मानेच्या मणक्यावर येऊ देऊ नका, बाजूला घ्या. झोपताना झोळी काढून ठेवायची, कारण ती झोपेत गळ्याभोवती आवळू शकते.

पहिल्या दोन दिवसांत जागेपणी दर दोन-तीन तासांनी, आणि रात्रीही एक-दोनदा उठून, बोटं तपासा. मुलाचं नख आपल्या अंगठ्याने हलकेच दाबा. ते पांढरं पडेल. सोडलं की दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झालं पाहिजे. दुसऱ्या हाताचं नखही तसंच दाबून बघा, म्हणजे फरक कळतो. मग बोटं हातात घेऊन ऊब बघा आणि मुलाला ती हलवायला सांगा. 'टाटा कर' म्हटलं की सगळी बोटं हलतात. बोटं थोडी सुजलेली असतील, पण गुलाबी, उबदार आणि हलती असतील तर घाबरू नका.

पुढचं काहीही दिसलं तर मात्र सकाळची वाट न बघता रात्रीच दवाखाना गाठा. गाडी मिळत नसेल तर १०८ ला फोन करा.

- औषध देऊनही दुखणं वाढतच चाललंय, मूल कशानेच शांत होत नाही
- आपण बोटं हलकेच सरळ केली की मूल किंचाळतं
- बोटं पांढरी, निळसर किंवा गार पडली आहेत
- मुंग्या येतायत, किंवा हात लावलेला कळत नाही
- काल हलत होती ती बोटं आज हलत नाहीत

प्लास्टरच्या आत सूज कोंडली की स्नायूंना रक्त मिळत नाही, आणि काही तासांत हाताचं कायमचं नुकसान होऊ शकतं. हे क्वचित होतं, पण झालं तर तासातासाचा हिशेब असतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला 'मुंग्या येतात' असं सांगता येत नाही. ते नुसतं बेचैन होतं, चिडतं, सारखं औषध मागतं. म्हणून न थांबणारं रडणं हट्ट म्हणून सोडून देऊ नका. दवाखान्यात नेलं आणि काही निघालं नाही, तर उत्तमच.

आणि हे वडीलधाऱ्यांचा मान ठेवूनच सांगावं लागतं: अशा वेळी कुणीतरी हाड बसवणाऱ्याचं नाव सुचवतंच. 'त्यांनी आमच्या किती जणांचे हात जोडलेत!' त्यांच्या हातगुणाबद्दल मला वाद घालायचा नाही. पण सुजलेल्या हाताला बांबूच्या कामट्या घालून करकचून बांधलं, तर वर सांगितलेलं संकट आपण स्वतःच ओढवून घेतो. आणि कोपराला चोळून मालिश केल्याने तिथल्या स्नायूत हाड धरू शकतं, सांधा कायमचा आखडू शकतो. काका-मामा रागावले तरी रागावू द्या.

कोरडं, कोरडं, कोरडं

गणपतीच्या मूर्ती ज्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या बनवतात, तीच ही पावडर. पांढरं पक्कं प्लास्टर वरून कडक लागलं तरी आतपर्यंत वाळायला दोन-तीन दिवस घेतं. तोवर ते टेबलाच्या कडेवर टेकवू नका आणि उचलताना बोटांच्या टोकांनी दाबून धरू नका. खळगा पडला तर तो आतून कातडीला टोचत राहतो. उशीवर ठेवा, पंखा चालू ठेवा, गरम हवेने वाळवू नका. फायबरचं प्लास्टर हलकं असतं, लगेच वाळतं, रंगीतही मिळतं. मात्र वरचा फायबर पाण्याला दाद देत नसला, तरी आतला कापूस भिजतो आणि कातडी खराब करतो. म्हणून पाण्याचा नियम दोघांनाही तोच.

आंघोळीचं सोपं करून सांगते. मुलाला पाटावर बसवा. प्लास्टरवर आधी पातळ टॉवेल, मग एकावर एक दोन प्लास्टिकच्या पिशव्या. तोंड कातडीवर चिकटपट्टीने बंद करा. रबरबँड लावलाच तर सैल, आणि आंघोळ झाल्याझाल्या काढायचा. हात बाजूच्या स्टुलावर, बादलीपासून लांब. तांब्याने पाणी घ्या, शॉवर नको. दोन-तीन दिवस नुसतं अंग पुसून घेतलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. पावसाळा असेल तर शाळेच्या दप्तरात एक जादा पिशवी कायम ठेवा.

इतकं करूनही भिजलं, मऊ पडलं किंवा घाण वास यायला लागला, तर डॉक्टरांकडे जाऊन दाखवा. 'वाळेल आपोआप' म्हणून थांबू नका.

कपडे, जेवण, बाथरूम

पुढून बटणं असलेले, सैल बाह्यांचे शर्ट किंवा फ्रॉक काढून ठेवा. मोठ्या भावंडाचे चालतात. घालताना दुखरा हात आधी, काढताना दुखरा हात शेवटी. दुखऱ्या हाताची बाही आपण आपल्या हातावर गोळा करून घ्यायची, मुलाची बोटं तिच्यातून बाहेर काढायची आणि मग बाही वर सरकवायची. मुलाला हात उचलायला लावायचं नाही.

उजवा हात मोडला की जेवायचा प्रश्न येतो. डाव्या हाताने जेवलेलं पाहून आजीच्या जिवाला लागतं, ते मी समजू शकते. पण मुलाला या काळात टोकू नका. पोळीचे तुकडे करून वरणात कुस्करून द्या आणि हातात चमचा द्या. सांडेल. भरवण्याची घाई करू नका, कारण दिवसभरात त्याच्या हातात राहिलेल्या मोजक्या गोष्टींतली ही एक आहे. खाऊन झालं की प्लास्टरच्या कडा झटका. आत चुरमुऱ्याचा कण गेला तरी मुंग्या लागतात, आणि आपल्याकडे मुंग्यांना वेळ लागत नाही.

शी-शूचं आधीच ठरवून टाका. कुठलाही हात अडकलेला असला तरी मुलाला स्वतःचं स्वतः धुता येत नाही, चड्डीचं बटण लागत नाही. इलॅस्टिकच्या चड्ड्या वापरा आणि न बोलता मदत करा. सहा-सात वर्षांच्या मुलांना याची फार लाज वाटते. ती थट्टा घरात कुणालाही करू देऊ नका.

'आंबट बंद करा' असं चार लोक सांगतील. हाड जुळण्याशी चिंच-दह्याचा संबंध नाही, आणि दही तर कॅल्शियमसाठी हवंच. दूध, नाचणी (१०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम), तिळाचे लाडू, अंडी, डाळी हे रोजचं जेवण पुरतं. ड जीवनसत्त्वाची मोठ्यांची पाकिटं परस्पर मुलाला देऊ नका, डॉक्टरांना विचारा.

खाज

दुसऱ्या आठवड्यापासून खाज सुरू होते आणि ती दुखण्यापेक्षा जास्त छळते. पट्टी, पेन्सिल, विणायची सुई, काहीही आत घालू द्यायचं नाही. आत ओरखडा उठला तर तो दिसत नाही आणि चिघळतो. पावडर आणि तेलही नको, आत गोळे होतात. ड्रायर असेल तर थंड हवेवर ठेवून प्लास्टरच्या तोंडातून आत हवा सोडा. प्लास्टरवर बोटांनी टकटक करा, किंवा दुसऱ्या हाताची तीच जागा खाजवा. ऐकायला विचित्र वाटेल, पण बऱ्याच मुलांना बरं वाटतं. खाज बहुतेक वेळा घामाची असते, म्हणून दुपारी उन्हात खेळणं टाळा.

मुलं आतमध्ये वस्तूही सरकवतात. मणी, नाणी, शेंगदाणे. रोज झोपताना टॉर्च घेऊन दोन्ही तोंडं बघा आणि 'आत काही गेलंय का?' असं न रागावता विचारा. रागावलात तर पुढच्या वेळी सांगणार नाही.

मुलाच्या मनाचं काय

हात मोडला तेव्हा मुलाला दोन गोष्टी वाटत असतात, आणि दोन्ही ते बोलत नाही. एक, हात परत कधी नीट होणारच नाही. दुसरी, हे माझ्यामुळे झालं. 'सांगितलं होतं ना, चढू नको म्हणून' हे वाक्य घरात त्या दिवशी किमान तीन जणांच्या तोंडून निघतं. ते पुन्हा काढू नका. धक्का भावंडाचा लागला असेल तर त्या भावंडालाही जवळ घ्या, तेही रात्री जागं असतं.

हाडाचं असं सांगा: 'आतलं हाड तुटलंय. ते स्वतःच स्वतःला जोडतंय. प्लास्टर त्याला हलू देत नाही, म्हणून ते लागतं. जोडून झालं की प्लास्टर काढायचं.' एवढं चार वर्षांच्या मुलालाही कळतं. कॅलेंडर भिंतीवर मुलाच्या उंचीला लावा आणि रोज झोपताना एक खूण त्यालाच करू द्या. काढायची तारीख मात्र पक्की लिहू नका. 'या आठवड्यात बघतील' म्हणा, कारण डॉक्टर कधी कधी एक आठवडा वाढवतात आणि तो दिवस मुलाला फार लागतो.

'अजिबात दुखणार नाही' असं कधीही म्हणू नका. एक्स-रेच्या वेळी हात थोडा वळवावा लागतो, तेव्हा दुखतं. 'जरा दुखेल, मी तुझा दुसरा हात धरते, दहापर्यंत मोजू' असं म्हटलं की मूल तयार असतं. पक्कं प्लास्टर घालताना ओलं प्लास्टर गरम लागतं, तेही आधी सांगा. एकदा खोटं सापडलं की पुढच्या प्रत्येक भेटीला मूल दारातच बसकण मारतं.

एखाद्या बाहुलीला किंवा टेडीला बँडेज बांधून द्या. मूल तिला डॉक्टर होऊन तपासेल, रागावेल, गोंजारेल. त्याच्या मनात काय चाललंय ते तिथे ऐकू येतं. काही मुलं पुन्हा गादी ओली करतात, अंगठा चोखतात, कडेवर घ्या म्हणतात. काही आठवड्यांत जातं ते. तोवर घ्या कडेवर.

पाहुणे येतात, चॉकलेट आणतात आणि प्रत्येक जण विचारतो, 'कसा पडलास रे?' सांगायचं की नाही ते मुलाला ठरवू द्या. नसेल सांगायचं तर आपण विषय बदलायचा.

खेळ हवेतच. पत्ते, सापशिडी, स्टिकर, कोडी, साबणाचे फुगे, दुसऱ्या हाताने चित्रं. वाळू आणि माती मात्र बंद. आमच्याकडे सगळ्यात चाललेला खेळ म्हणजे प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांच्या आतल्या बाजूला पेनने डोळे काढायचे (नखांवर नाही) आणि त्या पाच जणांचं नाटक करायचं. बोटं आपोआप हलतात. डॉक्टर सांगतात तो व्यायाम हाच, आणि तो न कुरकुरता होतो. पहिले दोन दिवस मोबाइल दिला तरी काही बिघडत नाही, पण तिसऱ्या दिवसापासून वेळ ठरवा.

शाळा

दुखणं कमी झालं आणि डॉक्टरांची हरकत नसली की बरीच मुलं आठवड्याभरात शाळेत जातात. घरी बसवून ठेवण्यापेक्षा ते बरं. जायच्या आदल्या दिवशी वर्गशिक्षिकेशी बोला: लिहिण्याचा हात अडकला असेल तर तोंडी घ्या, दुसऱ्या हाताने लिहायची सक्ती नको, मैदानावर नाही. शाळेतल्या मावशींशीही बोला, बाथरूमला त्याच सोबत जाणार आहेत. डब्याचं आणि बाटलीचं झाकण एका हाताने उघडतं का, ते घरी करून बघा. रिक्षावाल्या काकांना सांगा की याला दाराशी बसवू नका. स्कूटरवर पुढे उभं करून नेणं या काळात पूर्ण बंद, कारण धरायला हात नाही.

प्लास्टर वाळलं असेल तर स्केचपेनने नावं लिहू द्या. मित्रांची नावं हातावर घेऊन आलेलं मूल घरी वेगळंच येतं.

प्लास्टर काढायचा दिवस

मुलांना सगळ्यात भीती वाटते ती करवतीची. ती गोल गोल फिरत नाही. पातं जागच्या जागी भराभर थरथरतं. कडक प्लास्टर त्याने कापलं जातं आणि मऊ कातडी पात्याबरोबर नुसती हलते. पण आवाज मिक्सरसारखा मोठा असतो. आदल्या दिवशी घरी मिक्सर लावून त्याच्याशेजारी उभं राहायचा सराव करा. दवाखान्यात डॉक्टरांना विचारा, बरेच जण स्वतःच्या तळव्यावर करवत टेकवून दाखवतात. पातं तापतं, म्हणून मुलाला सांगून ठेवा: गरम लागलं तर 'थांबा' म्हणायचं, ते थांबतील.

आतून निघणारा हात बघून बहुतेक मुलं दचकतात, हेही आधी सांगा. तो बारीक दिसतो, कातडी कोरडी, पोपडे आलेली, केस जास्त वाटतात, वास येतो. कोमट पाण्यात भिजवा, सौम्य साबण लावा, घासू नका. मग खोबरेल तेल हलक्या हाताने नुसतं लावायचं, चोळायचं नाही.

नंतरचे आठवडे

हात जड आणि आखडलेला असतो. मूल तो छातीशी धरून ठेवतं. ओढून सरळ करायला जाऊ नका, विशेषतः कोपर. लहान मुलं खेळता खेळता हात आपोआप मोकळा करतात. बादलीत पेले भरणं, कणकेचा गोळा मळणं, छोटा नॅपकिन पिळणं. मनगट लवकर सुटतं, कोपराला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. हाड जुळलं तरी लगेच पहिल्यासारखं मजबूत नसतं, म्हणून उड्या, सायकल, घसरगुंडी साधारण ४ ते ६ आठवडे लांबवतात. नेमकं डॉक्टरांकडून घ्या. मोडलेल्या जागी टणक गाठ लागली तर ते नवं हाड असतं, काही महिन्यांत बसतं.

खेळायची परवानगी मिळाल्यावर मूल त्या घसरगुंडीकडे जायला तयार नसेल तर ढकलू नका. बाकावर शेजारी बसा. ते स्वतः जाईल तेव्हा खाली उभे राहा.

कोपर एका बाजूला वाकल्यासारखं दिसलं, बोटांत जोर वाटेना, किंवा त्याच हातावर पुन्हा पडलं, तर दुखणं किरकोळ वाटलं तरी दाखवून या. हाड जिथून वाढतं त्या टोकाजवळ मोडलं असेल तर सगळं बरं झाल्यावरही ६ महिन्यांनी, वर्षाने पुन्हा बोलावतात. तेव्हा जुने एक्स-रे लागतात. ते वेगळ्या फाइलमध्ये, वर मुलाचं नाव आणि तारीख लिहून, घरातल्या इतर कागदांपासून बाजूला ठेवा.